खंडूच्या छातीचा फोटो

१

सोमवारी सकाळी खंडू शेलारची फाईल उघडली, तर तिच्यात त्याच्या छातीचा फोटो नव्हता. शुक्रवारी पुण्याच्या लेबर कोर्टात तारीख होती. तो सोमवार म्हणजे १९८० सालच्या मार्चची दहा तारीख. हा दिवस मी विसरू शकत नाही, कारण त्या दिवशी मी एका निरपराध मुलीला चोर ठरवलं.

माझी वकिली तेव्हा पिंपरी स्टेशनजवळ, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत चालायची. अशील सगळे कामगार. खंडू चिंचवडच्या एका फाउंड्रीत सहा वर्षं वाळू चाळत होता. त्याला दम लागायला लागला, खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा कंपनीने त्याला काढून टाकलं. कारण दिलं ते असं, की आजार त्याला आधीपासूनच होता आणि तो लपवून खंडू नोकरीला लागला.

हे खोटं पाडणारी एकच वस्तू जगात होती. भरतीच्या वेळी, १९७३ साली, सरकारी दवाखान्यात काढलेला त्याच्या छातीचा एक्स-रे. दवाखान्याच्या वहीत नाव होतं, नंबर होता, २२१७. तपासणीचा अहवाल मात्र रद्दीत गेलेला. प्लेट, म्हणजे ती काळी फिल्म, खंडूच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती आणि ती मी जानेवारीतच मागवली होती.

आमच्या अशिलांची कागद आणायची तऱ्हा काय सांगावी! एकाने पगाराच्या बारा चिठ्ठ्या तारेत ओवून आणल्या, आणि तार नेमकी तारखांमधून गेलेली. एकाने नेमणुकीचं पत्र फाटू नये म्हणून खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं. सही-शिक्का मागच्या बाजूला होता. कोणी अर्धंच पत्र आणायचा, उरलेलं चूल पेटवताना गेलं म्हणून. कोणी एस.टी.च्या कंडक्टरकडे पुडकं द्यायचा आणि मला स्टँडवर जाऊन त्या कंडक्टरची ड्यूटी शोधावी लागायची.

खंडूची बायको गिरजाबाई पहिल्या खेपेला कागद भाकरीच्या फडक्यात घेऊन आली. चार्जशीटवर ठेच्याचं तेल उतरलेलं. मी तो कागद चिमटीत धरून भरल्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

"हा कोर्टात लावू की तव्यावर टाकू?" मी म्हणालो.

लोक हसले. गिरजाबाईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. दुसऱ्याच दिवशी मी दाराशी पाटी लावली, 'कागद स्वच्छ आणावेत. कार्यालयातच द्यावेत.' पाटी वाचता येईल असे अशील दहात तीन.

तर त्या सोमवारी मी कोंडीराम नावाच्या एका अशिलाला सायकलवर काळेवाडीला पिटाळलं. फोटो ताबडतोब पाठवा, असा निरोप दिला. तासाभरात तो घाम पुसत परत आला.

"साहेब, गिरजाबाई म्हणतात, फोटो कवाच दिलाय."

"कुणाला?"

कोंडीराम घुटमळला. मग खोलीच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "बाईंच्या हाती."

माझ्या ऑफिसात बाई एकच होती.

२

कस्तुरा ओव्हाळ. वय तेवीस. मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग, आणि आलेला एकेक कपटा आवक वहीत चढवणारी. तिचे वडील साहेबराव एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. भाऊ ज्योतीराम नोकरीला होता, आणि खंडूच्याच फाउंड्रीत होता. तेवढंच माझ्या डोक्यात घुसलं.

"माझ्या हाती कुणी काही दिलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. तिने आवक वही माझ्यापुढे ठेवली. 'शेलार — एक्स-रे येणे बाकी' असं तिच्या अक्षरात दोनदा लिहिलेलं होतं.

"वहीत न लिहिलेलं काही आलंच नाही, असं थोडंच आहे?" मी म्हणालो. "तुझा भाऊ गेल्या महिन्यात परमनंट झाला ना? त्याच्याबरोबरची चार पोरं अजून कच्चीच, बदलीवर आहेत."

कोंडीराम अजून तिथेच उभा होता. आणखी दोन अशील बाकावर होते. कस्तुराचा हात टाइपरायटरवर जसा होता तसाच राहिला.

"म्हणजे मी फोटो कंपनीला विकला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. फोटो कुठे आहे तेवढं विचारतोय."

वाक्य वकिली होतं. अंगाला काही लागू न देणारं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. कागद मशीनमधून काढून तिने नीट बाजूला ठेवला. "शुक्रवारपर्यंत मला टायपिंग सांगू नका," ती म्हणाली. "फोटो मी शोधते. गिरजाबाई खोटं बोलत नसतील आणि मीही बोलत नाही. म्हणजे बाई तिसरी आहे."

३

मंगळवारी दुपारी कंपनीचे लेबर ऑफिसर नानासाहेब स्वतःहून जिना चढून आले. एरवी ते मला कोर्टाच्या आवारातच भेटायचे. त्यांना पाहताच मला दुसरा संशयित मिळाला. फेब्रुवारीतही ते एकदा आले होते आणि मी खाली चहा सांगायला गेलो तेव्हा खोलीत एकटे बसले होते.

"वकीलसाहेब, कशाला ताणता?" ते म्हणाले. "खंडूला आम्ही थोडंफार देतो. त्याने राजीनामा लिहून द्यावा. तुमचं काम सुटलं, आमचं सुटलं."

"आणि त्याने लपवलेल्या आजाराचं काय?"

"ते शब्द आम्ही मागे घेऊ." मग विषय बदलायचा म्हणून ते हसले. "बाकी ग्रहणाच्या दिवशी तुम्ही सगळी कॉलनी अंगणात काढलीत म्हणे! आमच्याकडे तर घरचे दारं-खिडक्या लावून बसले होते. तुमची कमाल आहे."

मी सुखावलो. खरंच, सोळा फेब्रुवारीच्या त्या शनिवारी रस्ते ओस पडले होते, बसमध्ये माणूस नव्हतं, आणि संत तुकाराम नगरातल्या आमच्या कॉलनीत मी लोकांना घराबाहेर ओढून सूर्यग्रहण दाखवत होतो. पुढे आठवडाभर ते मी येईल त्याला सांगत असे.

नानासाहेब गेल्यावर मी टेबलावर हात आपटला. "ह्यानेच नेला! त्या दिवशी दहा मिनिटं एकटा होता."

"नाही, साहेब," कस्तुरा म्हणाली. "फोटो त्यांच्याकडे असता, तर आज ते तडजोडीला आले असते का? शुक्रवारी आपण हात हलवत उभे राहिलो की ते जिंकलेच. ते आले, म्हणजे फोटो आपल्याकडे आहे असं त्यांना वाटतंय. त्याचीच त्यांना भीती आहे."

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पंधरा वर्षं उलटतपासणी घेत होतो मी.

"मग?"

"मग गिरजाबाईंना कुणी समोर बसून विचारलेलंच नाही. आपण निरोप पाठवला आणि निरोपच ऐकला. उद्या काळेवाडीला जाऊ. तुम्हीही चला. नाहीतर मी त्यांना पढवलं म्हणाल."

४

काळेवाडीत खंडूची पत्र्याची खोली होती. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. मला पाहून उठायला गेला आणि खोकल्याने वाकला. गिरजाबाई माझ्याकडे न बघता घोंगडी झटकू लागली.

"वकिलसाहेब पायधूळ झाडायला आले, आन मला उठवंना," खंडू म्हणाला. "गिरजे, च्या ठेव."

"चहा राहू द्या," मी म्हणालो. "फोटो कधी दिला, ते सांगा."

"गिराणाच्या दिशी. सकाळच्या पारी."

मी कस्तुराकडे वळलो. "ऐकलंस? ग्रहणाला ऑफिस बंद होतं. कुलूप मी स्वतः लावलं होतं आदल्या दिवशी. ही बाई सरळ खोटं बोलतेय!"

गिरजाबाईचा चेहरा पडला. खंडूने मान खाली घातली. कस्तुरा मात्र जमिनीवर, तिच्या शेजारी जाऊन बसली.

"गिरजाबाई, माझ्याकडे बघा. तुम्ही फोटो माझ्या हाती दिला का?"

"न्हाई ओ ताई! तुमाला कवा दिला? तुमाला तर मी पैल्या खेपेनंतर बघतीया आज."

कोंडीरामचा निरोप, भरलं बाक, टाइपरायटरवरचा तो हात, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तरी मी तोंड उघडलं ते पुन्हा प्रश्न विचारायलाच.

"मग कुणाला दिला?"

"त्या मावलीचं नाव मी घ्येनार न्हाई. तिनं मला पाटावर बसवून च्या पाजला. माज्यापायी तिला बोल नगं."

मी पुढे काही विचारणार तोच कस्तुराने हाताने थांबवलं. मालकाला थांबवतात तसं नव्हे, आडमुठ्या माणसाला थांबवतात तसं.

"बरं, नाव नका घेऊ," ती म्हणाली. "फोटो नेला कशात?"

"पाकीट लई मळलं व्हतं. तेलकट. सायेब पुन्यांदा समद्यांम्होरं वरडतील म्हनून त्ये चुलीत घातलं. फोटूची काच वल्या फडक्यानं पुसली, चकाचक केली. नवं धुवट फडकं काढलं, त्यात गुंडाळली. आन हापिसात जायचा धीरच व्हईना. गेल्या येळंला समदी हसली ना मला."

"आणि ते फडकं? तिथंच राहिलं?"

"न्हाई, आलं की माघारी. रिकामं न्हाई दिलं मावलीनं. चार शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या."

कस्तुरा उठली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला आठवतंय, त्या नजरेत राग नव्हता. कीव होती.

"चला, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या घरी जाऊ."

"माझ्या घरी? कशाला?"

"दर होळीच्या सुमाराला तुम्ही ऑफिसात शेंगा वाटता. अंगणातल्या झाडाच्या."

५

पवनेचा पूल ओलांडून पिंपरीपर्यंत आम्ही चालत आलो. मी वाटेत दोनदा म्हणालो, "शेवग्याची झाडं काय, घरोघर असतात." ती पुढे चालत राहिली.

सुमन, माझी बायको, अंगणात वाळवण काढत होती. कस्तुराने तिला नमस्कार केला आणि विचारलं, "ताई, ग्रहणाच्या दिवशी सकाळी एक बाई काही घेऊन आली होती का?"

"आली होती की. बिचारी उन्हातान्हातून चालत आलेली. पांढऱ्या फडक्यात एक्स-रेची काच होती. म्हणाली, सायबांनी मागवलंय." सुमन माझ्याकडे वळली. "तुम्ही नाही का आठ दिवस सगळ्यांकडे जुने एक्स-रे मागत होतात, ग्रहण बघायला? मी तुमच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, तुमची काच आली म्हणून."

तिने सांगितलं होतं. मला शब्दन्‌शब्द आठवला. 'तुमची काच आली.' आणि मी म्हणालो होतो, 'वा, छान काळी आहे.'

मग मी सुमनची शिवणाची कात्री घेतली होती.

"तू तिला नाव का नाही विचारलंस?" मी ओरडलो. "कोण, कुठली, कशासाठी, एवढं विचारता येत नाही?"

"साहेब," कस्तुरा म्हणाली.

एवढंच. सुमनच्या हातात वाळवणाचं ताट तसंच होतं आणि तिला अजून काय झालंय ते कळलेलं नव्हतं.

"त्या काचेचा एखादा तुकडा असेल का घरात?" कस्तुराने विचारलं.

होता. मी तो जपून ठेवला होता. कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकात, खुणेला. पान सापडेना. शेवटी तो निघाला आणि मी खिडकीच्या उजेडात धरला. चार बरगड्या, खांद्याचं हाड, आणि कोपऱ्यात काहीतरी अक्षरं, उलटी. मी तुकडा पालटला.

२२१७.

खंडूची नोकरी, त्याचं नाव, त्याचा खरेपणा मी कात्रीने कापून लोकांना सूर्य बघायला वाटला होता.

६

चार तुकडे केले होते. एक माझा. उरलेले तीन मागायला मी दारोदार गेलो, आणि प्रत्येक दारात विचारलं गेलं, "का हो? आता कशाला?" पहिल्या दारात मी म्हणालो, एका कामासाठी. कस्तुरा मागे उभी होती. दुसऱ्या दारापासून मी खरं सांगायला लागलो.

समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तुकडा पंचांगात ठेवला होता. यशोदाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी तो वर्गात दाखवायला नेला होता, पण परत आणला होता. कोपऱ्यावरच्या बबनरावांची आई म्हणाली, "ग्रहण लागलेली वस्तू घरात ठेवतात होय? मी नदीत सोडली."

डाव्या कुशीचा खालचा भाग पवनेतून वाहून गेला होता.

गुरुवारी आम्ही तीन तुकडे चिकटपट्टीने जोडून छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ते दिव्याच्या पेटीवर लावले आणि बराच वेळ पाहिले.

"जेवढं आहे तेवढ्यात डाग नाही," ते म्हणाले. "फुप्फुसात हवा भरलेली असते, म्हणून निरोगी छाती फोटोत काळी येते. ह्या माणसाची १९७३ मध्ये अगदी स्वच्छ होती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ग्रहण छान दिसलं असेल तुम्हाला."

ते कुचकं बोलले नाहीत. सहज बोलले. मला मात्र वर बघवेना.

एक पेच उरला. कापलेला पुरावा कोर्ट असाच कसा घेईल? तो कुणी कापला, कधी, का, हे शपथेवर सांगणारा साक्षीदार हवा. आणि साक्षीदार झालेल्या वकिलाला तो खटला चालवता येत नाही.

"एक मार्ग आहे," मी संध्याकाळी कस्तुराला म्हणालो. "गिरजाबाईच्या हातून फाटला, असं म्हटलं तर? अडाणी बाई आहे, कोर्ट समजून घेईल. केस माझ्याकडेच राहील. खंडूच्याच भल्याचं आहे."

हे मी बोललो. लिहितानाही हात अडखळतो, पण बोललो.

कस्तुराने टाइपरायटरवरचं झाकण काढलं, कोरा कागद चढवला. "प्रतिज्ञापत्र सांगा, साहेब. 'मी, अर्जुन भोंडवे, धंदा वकिली...' पुढे?"

७

शुक्रवारी खंडूचं वकीलपत्र माझे स्नेही मारुतराव टिळेकर यांनी घेतलं आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. काळा कोट घरी ठेवून. मागच्या बाकावर गिरजाबाई आणि कस्तुरा शेजारी शेजारी बसल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. ठेच्याचं तेल, भरल्या ऑफिसातला विनोद, त्यामुळे चुलीत गेलेलं पाकीट, कात्री. कंपनीच्या वकिलाने हसत विचारलं, "म्हणजे अशिलाचा मुख्य पुरावा आपण गंमत म्हणून कापलात?" मी म्हणालो, "हो." कोर्टात कुजबुज झाली. ती मी सहन केली, आणि मनात कुठेतरी वाटलं, चला, फेडलं.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "फोटो सापडत नव्हता, तेव्हा आपला संशय कुणावर होता?"

मारुतराव उठले. "हरकत आहे. ह्या प्रश्नाचा खटल्याशी संबंध नाही."

न्यायाधीश म्हणाले, "मान्य. साक्षीदाराने उत्तर देण्याची गरज नाही."

गरज नव्हती. पण मनाईही नव्हती. तोंड उघडून मी दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. मी मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. 'सुटलो' असं वाटलं, अगदी शरीराने, खांदे खाली आले. आजवरच्या माझ्या सगळ्या लाजिरवाण्या गोष्टींत ते खांदे खाली येणं पहिलं आहे.

बाहेर व्हरांड्यात गिरजाबाई पुढे आली आणि वाकून पायाला हात लावू लागली. "सायेब, माज्यापायी तुमास्नी पिंजऱ्यात हुबं ऱ्हावं लागलं. माफी करा."

मी तिला धरून उभं केलं.

निकाल दिवाळीनंतर लागला. खंडू आजार लपवून नोकरीला लागला, हे कंपनीला शाबीत करता आलं नाही. उपचार संपल्यावर त्याला स्टोअरमध्ये हलक्या कामावर परत घेतलं.

पण तो शुक्रवार माझ्या डोक्यातून जाईना. साक्षीनंतरच्या लगेचच्या रविवारी सकाळी मी पिंपरीत ओव्हाळांच्या घरी गेलो. साहेबराव दाढी करत होते. ज्योतीराम शिफ्ट संपवून आला होता, जेवत होता. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो.

"सोमवारी माझ्या ऑफिसात, तीन माणसांदेखत, मी कस्तुरावर चोरीचा आळ घेतला," मी म्हणालो. "ज्योतीराम, तुझ्या परमनंट होण्यावरून घेतला. फोटो माझ्या घरात होता. मी माझ्या घरात शोधायच्या आधी तुमच्या घरात चोर शोधला."

ज्योतीरामचा घास हातात राहिला. साहेबरावांनी गालावरचा फेस पंच्याने पुसला, अर्धी दाढी तशीच. लेकीकडे वळले. "तू घरी बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं, बाबा," कस्तुरा म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, इथं येऊन सांगितलंत, ऐकलं. पण आळ घेतलात तेव्हा कोंडीराम होते, बाकावर दोघं होते. कोर्टात विचारलं तेव्हा सगळे होते. इथं आम्ही तिघंच आहोत, आणि आम्हाला मी चोर नाही हे आधीपासून माहीत आहे."

मी मान डोलावली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिस भरलेलं होतं. कस्तुरा आली, जागेवर बसली. मी कोंडीरामला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मी खुर्चीवरून उठलो, आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबलो.